बेल हाताशी ठेव

अगं पोरी,

परवा तू विचारलंस, काका, स्वरयंत्र काढलेल्या पेशंटचं नेमकं काय बघायचं, आणि मी मानेवरच्या भोकावर बोट ठेवून बोलायला गेलो तर नेमका खोकलाच आला, म्हणून आता टाइप करतोय, आणि टाइप करायला बसलो की मी थांबत नाही हे तुला माहितीये.

सगळ्यात आधी नर्सला बोलवायची बेल. माझं स्वरयंत्र काढलं त्या ऑपरेशननंतर तिसऱ्या रात्री कफ वाळून भोकात अडकला आणि बेल कॉटच्या मागे लोंबकळत होती. ओरडता येत नाही गं, कण्हता पण येत नाही! सलाईनचा स्टँड हलवत राहिलो तेव्हा कुणीतरी आलं आणि ऑक्सिजनचा मास्क लावला नाकातोंडावर. मीच ओढून मानेवर धरला. आमच्या नाकाचा आणि फुप्फुसाचा संबंध ऑपरेशनच्या दिवशीच संपतो, नुसती ट्रॅकिओस्टॉमी, म्हणजे स्वरयंत्र ठेवून श्वासनळीला भोक, झालेल्या माणसाचा वरचा रस्ता बहुतेक वेळा असतो तरी, आमचा नसतोच. ऑक्सिजन, सक्शनने कफ ओढणं, हाताने दाबून श्वास द्यायची अंबू बॅग, सगळं मानेतूनच. कॉटच्या डोक्याशी मोठ्या अक्षरात लिहून चिकटव.

आता हवा गरम आणि ओली करायचं नाकाचं काम कोण करणार? म्हणून कफ वाळतो, खपल्या धरतात. औषधाची वाफ देणारा नेब्युलायझर, सलाईनचे थेंब, भोकावरचा फिल्टर यात कंटाळा नको.

दुसरी गोष्ट लीक, म्हणजे फिस्टुला. घशाला घातलेल्या टाक्यांमधून लाळ झिरपून मानेच्या कातडीतून बाहेर येते. बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन आठवड्यांत होतं, आणि आधी रेडिएशन झालेल्यांना, रक्त किंवा प्रोटीन कमी असलेल्यांना जास्त. मला नवव्या दिवशी झालं. ड्रेसिंगवर रुपयाएवढा चिकट ओला डाग होता आणि मी तो चादरीखाली झाकला, कारण दुसऱ्या दिवशी पाणी प्यायला देणार होते आणि नऊ दिवस मी त्या एका घोटाची वाट बघत होतो. मूर्खपणा, माहितीये. पण पेशंट लपवतात, म्हणून त्याला विचारून सोडू नकोस, ड्रेसिंग स्वतः बघ, वास घे, आजूबाजूला लाली-सूज आहे का बघ, ताप बघ. सापडलं तर तोंडाने सगळं बंद, नाकातून पोटात जाणाऱ्या रायल्स ट्यूबनेच फीड, रोज ड्रेसिंग, आणि बरेचसे लीक दुसरं ऑपरेशन न करता भरतात हे त्याला सांग, मला कुणी सांगितलंच नव्हतं. फक्त त्या जखमेतून ताजं लाल रक्त आलं, अगदी थोडं आलं आणि आपोआप थांबलं तरी, डॉक्टरांना तिथल्या तिथे बोलव. लाळेने मानेतली मोठी रक्तवाहिनी कुरतडली जाऊ शकते आणि मोठा रक्तस्राव व्हायच्या आधी कधीकधी एवढीच सूचना मिळते.

बाकीचं हळूहळू कळेल. मानेच्या गाठी काढल्यावर काहींचा खांदा उचलत नाही, त्याला फिजिओ लागते. काही महिन्यांनी माणूस सुस्तावला, थंडी वाजते म्हणाला तर टीएसएच ही थायरॉईडची रक्ततपासणी करा, थायरॉईड मंदावलेलं असू शकतं. वास येत नाही म्हणून रडतात, त्यांना ओठ मिटून जांभई दिल्यासारखं जबडा खाली ओढायला शिकव, नाकात हवा शिरते. मला पहिल्यांदा साबणाचा वास आला तेव्हा मी साबण अर्धा तास हातात धरून बसलो होतो.

आवाजाचा वाल्व, जो सिंगर आणि ब्लॉम यांनी १९८० च्या आसपास आणला, तो श्वासनळी आणि अन्ननळीमधल्या छोट्या भोकात बसवतात, मानेवर बोट ठेवलं की हवा त्यातून घशात जाते आणि बोलता येतं, पण तो कायमचा नसतो. पाणी पिताना खोकला आला की रंगीत पाणी पाजून वाल्वमधून गळतंय का बघतात. तो निघून पडला तर ते आतलं भोक काही तासांतच आकसायला लागतं, म्हणून लगेच ईएनटीवाल्यांना, म्हणजे कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना, कळवायचं, ते त्यात कॅथेटर म्हणजे रबरी नळी घालून ठेवतात. आणि वाल्व कुठे गेला ते शोधा, श्वासनळीत पडलेला असू शकतो.

एक बोलायचंच आहे. सहा नंबरच्या कॉटवरचे आजोबा पाटीवर लिहीत होते आणि तू दोन शब्दांतच वाक्य पुरं केलंस, 'पाणी हवंय ना?' म्हणून. त्यांना पाणी नको होतं, त्यांची बायको जेवली का हे विचारायचं होतं. तू गेल्यावर त्यांनी मला लिहून दाखवलं.

शुक्रवारी येतोय. तोवर त्यांना मोठी पाटी मिळते का बघ.

काका