आतड्याचे अस्तर खरोखर ‘गळते’ का?

प्रश्न : मी परभणी जिल्ह्यातील निवृत्त शिक्षक आहे. दोन वर्षांपासून जेवणानंतर पोट फुगते आणि दिवसातून तीन-चार वेळा शौचास जावे लागते. मोबाइलवरील जाहिरात पाहून फोन केला, तेव्हा तुम्हाला ‘लीकी गट’ आहे, आतड्यातून विष रक्तात उतरते, असे सांगून रक्तातील झोन्युलिनची तपासणी आणि तीन महिन्यांची पावडर सुचवण्यात आली. त्यांच्या सांगण्यावरून गहू बंद केला; ज्वारीच्या भाकरीवर आल्यापासून थोडा आराम आहे. पावडर घ्यावी का?

उत्तर : पावडर घेऊ नये. मात्र ज्या कल्पनेवर ती विकली जाते, तिच्यात सत्याचा अंश आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आतड्याला आतून पेशींचा एकच थर असतो आणि तो साधारण तीन ते पाच दिवसांत नवा होत राहतो. शेजारच्या पेशी प्रथिनांच्या सांध्यांनी एकमेकींना जखडलेल्या असतात, वरून चिकट श्लेष्माचा लेप असतो आणि अस्तराखालच्या प्रतिकारपेशींनी तयार केलेली आयजीए प्रतिपिंडे जंतूंना अस्तराला चिकटू देत नाहीत. मोठ्या आतड्यात, जिथे जंतूंची वस्ती सर्वांत दाट असते, तिथे हा लेप दुपदरी असतो व निरोगी माणसात त्याच्या आतल्या पदरात जंतू सहसा पोहोचत नाहीत. पण अडवणे हे या अस्तराचे अर्धेच काम. पाणी, क्षार, साखर आणि पचलेले अन्न आत घेणे हे उरलेले अर्धे. त्यामुळे त्यातून काहीच पार होऊ नये, ही अपेक्षाच चुकीची आहे.

अस्तरातून पदार्थ पार होऊ देण्याची ही क्षमता, म्हणजे पारगम्यता, काही विकारांत नको तितकी वाढते, हे निर्विवाद आहे. सीलिएक विकारात गव्हातील ग्लुटेन या प्रथिनामुळे अस्तराला इजा होते. क्रोन्स या आतड्याच्या दीर्घकालीन दाहाच्या विकारात, जंतुसंसर्गानंतर आणि आयबीएसच्या (आतड्याला दिसणारी इजा नसताना पोटदुखी व शौचाच्या तक्रारी) काही रुग्णांत, विशेषतः जुलाबाचा त्रास असणाऱ्यांत, सांधे सैल झालेले आढळतात. वाद आहे तो कारण कोणते आणि परिणाम कोणता, याविषयी. क्रोन्सच्या रुग्णांच्या काही निरोगी भावंडांतही वाढलेली पारगम्यता दिसते, म्हणजे ती आजाराच्या आधीपासून असू शकते. पण ती असलेल्या प्रत्येकाला आजार होतो, असे मुळीच नाही. याउलट सीलिएकमध्ये ग्लुटेन बंद केल्यावर अस्तर सुधारते, म्हणजे तिथे मूळ कारण काढले की बाकीचे आपोआप सावरते. ‘लीकी गट’ हे स्वतंत्र निदान म्हणून वैद्यकशास्त्रात मान्य नाही, ते यामुळेच. झोन्युलिन हे सांधे सैल करणारे प्रथिन 2000 साली वर्णिले गेले. परंतु बाजारातील काही प्रचलित किट नेमके तेच प्रथिन मोजत नाहीत, असे पुढे दिसून आले. अशा अहवालावर उपचार ठरवणे मला पटत नाही.

आता तुमच्या आरामाविषयी. ज्वारीत ग्लुटेन नसते, त्यामुळे सीलिएक असल्यास बरे वाटणारच. पण गव्हात फ्रुक्टान नावाची कर्बोदकेही असतात. ती लहान आतड्यात पचत नाहीत, मोठ्या आतड्यात आंबतात आणि पोट फुगवतात. कांदा आणि लसूण यांतही तीच असतात, तेव्हा भाकरीसोबत लसणाचा ठेचा खाल्ल्यावर पोट फुगते का, हे पाहा. दोन्हींतला फरक केवळ आरामावरून कळत नाही. सीलिएकसाठी टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी करावी लागते आणि गहू सोडलेला असताना विकार असूनही तो नाही, असा खोटा दिलासा ती देऊ शकते. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने काही आठवडे गहू पुन्हा सुरू करून मगच ती करावी. निदान झालेच, तर गव्हाच्या पाठोपाठ त्याच गिरणीत दळलेले ज्वारीचे पीठही चालणार नाही, कारण चक्कीत राहिलेले गव्हाचे पीठ त्यात उतरते. शिवाय उतारवयात शौचाची सवय बदलली असेल, तर दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी टाळू नये. वजन घटत असेल, रक्त पडत असेल किंवा रक्त कमी झाले असेल, तर लगेचच करावी.

प्रश्न : आई-वडील बीड जिल्ह्यातून दरवर्षी ऊसतोडणीला जातात. मोळ्या वाहून आईची कंबर धरते, म्हणून ती मेडिकलमधून आणलेली वेदनाशामक गोळी रोज घेते आणि सोबत ॲसिडिटीचीही घेते. तरी तिला अशक्तपणा आहे व पोटात कळा येतात.

उत्तर : डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या रोज घेतल्यास लहान आतड्याच्या अस्तराची पारगम्यता वाढते आणि तिथे व्रण होऊन रक्त झिरपू शकते. पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोल ही ॲसिडिटीची गोळी जठराला आणि त्यालगतच्या आतड्याला आधार देते. पुढच्या आतड्याला मात्र तिचे संरक्षण मिळत नाही. आम्लाची गोळी घेतली म्हणजे पोट सुरक्षित झाले, ही समजूत फार पसरलेली आहे आणि फडावर डॉक्टर भेटणे अवघड असल्याने ती टिकूनही राहते. गोळी थांबवून आईचे हिमोग्लोबिन तपासावे आणि शौच डांबरासारखे काळे होत असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. कंबरेसाठी पॅरासिटामॉल आणि लेप हे पर्याय डॉक्टरांना विचारून वापरता येतात. मोळीचे वजन कमी करणे हा खरा उपाय, पण तो तिच्या हातात किती आहे, हे तुम्ही जाणताच.

प्रश्न : आमच्या तांड्यावर उन्हाळ्यात टँकरचे पाणी येते. दीड वर्षाच्या मुलीला वारंवार जुलाब होतात आणि वजन वाढत नाही. आतड्यासाठी टॉनिक द्यावे का?

उत्तर : टॉनिक नको. जंतूंचा मारा सतत होत राहिला, तर लहान मुलांच्या आतड्यातील अन्न शोषणारे बारीक अंकुर आखूड होतात, अस्तर सैल पडते आणि खाल्लेले अंगी लागत नाही. जुलाब सुरू होताच ओआरएस आणि चौदा दिवस रोज 20 मिलिग्रॅम झिंक द्यावे. अंगणवाडी किंवा उपकेंद्रातून दोन्ही मिळू शकतात. दूध व जेवण थांबवू नये, पाणी उकळून द्यावे आणि मुलीच्या वाढीच्या तक्त्यावर वजनाची नोंद दरमहा करून घ्यावी.