पॅनल नंतर, आधी वसुलीचं बघ

वाड्यावस्त्यांवर सोलरचं काम करायचं म्हणतोयस, मनापासून बरं वाटलं. पण तुझा सगळा हिशोब किलोवॅटवरच चाललाय, तो जरा बाजूला ठेव आणि लोकांच्या हातात पैसा कधी येतो ते आधी बघ. कर्नाटकात सेल्को ही सोलर कंपनी 1995 पासून हेच करतेय, हातगाडीवाल्याला महिन्याचे 300 एकदम काढणं जड जातं पण रोजचे 10 निघतात, मग हप्ता तसा बसवायचा आणि ग्रामीण बँकेला सोबत घ्यायचं. सेल्को उभी करणाऱ्या हरीश हांडेंना 2011 ला मॅगसेसे मिळाला तो याच कामासाठी.

आपल्याकडचं बघायचं तर जुन्नर तालुक्यातली दरेवाडी. 2012 ला ग्राम ऊर्जा या कंपनीने तिथे 9.4 किलोवॅटचा सोलर मायक्रोग्रिड, म्हणजे गावापुरतं छोटं वीजजाळं, उभा केला, जेमतेम चाळीसेक घरं, उभारणीचा पैसा बाहेरून आला पण घरोघरी मीटर आणि बिल गोळा करणारा ट्रस्ट गावाचाच, मला ही गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते.

बॅटरीचा फंड पहिल्या महिन्यापासून वेगळा ठेव, लेड ॲसिड असेल तर काही वर्षांत बदलावीच लागते आणि तेव्हा पैसे नसले की अख्खा प्रकल्प धूळ खात पडतो. नुसत्या दिव्यांवर बिल फार होत नाही, दिवसा पिठाची गिरणी चालली तर गणित जमतं. आणि वायरिंग वस्तीतल्याच एखाद्या मुलाला किंवा मुलीला शिकव, फ्यूज उडाला म्हणून पुण्याहून कोणी येत नसतं रे.

महावितरणचे खांब तिथे कधी पोचणार तेही तालुक्याला जाऊन विचार, मगच विजेचा रेट ठरव.