फ्लूमधील भ्रम आणि पाठीतील पाण्याचा नॉर्मल अहवाल

तुमच्या 62 वर्षांच्या वडिलांचा ताप चौथ्या दिवशी उतरू लागला आणि नेमके तेव्हाच ते असंबद्ध बोलू लागले. घशाच्या स्वॅबमध्ये इन्फ्लुएन्झा ए सापडला, पाठीतील पाण्याचा (कण्यात सुई घालून काढलेल्या, मेंदू व मज्जारज्जूभोवतीच्या द्रवाचा) अहवाल मात्र नॉर्मल आला. त्यामुळे हा ऑसेल्टामिविर या फ्लूवरील औषधाचा दुष्परिणाम असावा, अशी शंका तुम्ही विचारली आहे.

नॉर्मल अहवालावरून मेंदू सुरक्षित आहे असा निष्कर्ष काढता येत नाही. इन्फ्लुएन्झाच्या एन्सेफॅलोपॅथीत, म्हणजे फ्लूमुळे मेंदूचे काम बिघडते तेव्हा, या पाण्यात विषाणू क्वचितच सापडतो आणि पेशीही बहुधा वाढलेल्या नसतात, कारण विषाणू श्वसनमार्गात वाढत असतो आणि त्याच्याशी लढताना शरीराने सोडलेले सायटोकाइन (दाह वाढवणारी संदेशवाहक प्रथिने) मेंदूच्या रक्तवाहिन्यांना गळके करतात, असे आज मानले जाते. त्या तपासणीचा खरा उपयोग जिवाणूजन्य मेंदूज्वर आणि हर्पिस विषाणूचा मेंदूतील संसर्ग वगळण्यासाठी असतो. हर्पिसचा अहवाल येईपर्यंत त्यावरचे औषध असायक्लोविर सुरू ठेवले असेल, तर तो डॉक्टरांचा गोंधळ समजू नये.

या वयात साधी कारणे आधी तपासावीत: कमी झालेला ऑक्सिजन, उतरलेले सोडियम, साखर, मूत्रपिंडाचे कार्य आणि गुंगी आणणारी खोकल्याची औषधे (ती घरातून कोणी देत नाही ना, हेही विचारावे). वडिलांना महिने डिसेंबरपासून उलटे म्हणायला सांगा. नाव-गाव बिनचूक सांगणारा रुग्णही ऑक्टोबरपाशी अडखळून पुन्हा नोव्हेंबर, डिसेंबर असा सुलट चालू लागला, तर लक्ष टिकत नाही हे स्पष्ट होते. बाहेरून न दिसणारे झटके ईईजीत (मेंदूतील विद्युत लहरींच्या आलेखात) सापडतात, तर दोन्ही थॅलॅमसना (मेंदूच्या खोल भागातील केंद्रांना) एकाच वेळी इजा झाल्याचे एमआरआयमध्ये दिसते. हा दुसरा प्रकार प्रौढांत दुर्मीळ, पण गंभीर असतो.

औषधाविषयीची शंका जुनी आहे. जपानने 2007 मध्ये 10 ते 19 वयोगटासाठी ऑसेल्टामिविरच्या वापरावर निर्बंध घातले होते आणि 2018 मध्ये ते उठवले. औषध न घेतलेल्या फ्लूच्या रुग्णांतही असाच भ्रम दिसतो. ते पहिल्या 48 तासांत सर्वाधिक उपयोगी पडते, तरी रुग्णालयात दाखल रुग्णाला नंतरही दिले जाते. म्हणून ते परस्पर बंद करू नका. मूत्रपिंडानुसार मात्रा ठरवली आहे का, एवढे मात्र जरूर विचारा.

एकाएकी तोंड वाकडे झाले किंवा एका बाजूचा हात लुळा पडला, तर तो पक्षाघात समजून तत्काळ रुग्णालय गाठावे, कारण फ्लूनंतरच्या दिवसांत त्याचा धोका वाढलेला असतो.

घरी परतल्यावर पुढील काही आठवडे पायांकडे लक्ष असू द्या. दोन्ही पायांना मुंग्या येऊन जिना चढणे जड होऊ लागले आणि ती कमजोरी वर सरकू लागली, तर गिलां-बारे सिंड्रोमची (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर हल्ला करते त्या आजाराची) शंका घ्यावी लागते. त्यात श्वसनाचे स्नायूही निकामी होऊ शकतात, म्हणून अशक्तपणा समजून वाट पाहू नये. त्यावर इम्युनोग्लोब्युलिन (शिरेतून दिलेली प्रतिपिंडे) किंवा प्लाझ्मा (रक्तातील द्रव भाग) बदलणे हे उपचार लागू पडतात, स्टेरॉइड नाही.