डीजीयू (दोन काचांची सीलबंद खिडकी) टाकूनही मॉडेलमध्ये कूलिंग लोड उतरत नाही, चूक कुठे होतेय?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: एनर्जीप्लस या इमारतीच्या ऊर्जावापराचं गणित करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मुंबईतल्या ऑफिसचं मॉडेल आहे. ६ मिमीची साधी काच काढून ६-१२-६ (६ मिमी काच, १२ मिमी हवा, ६ मिमी काच) लो-ई, म्हणजे उष्णतेचं रेडिएशन अडवणाऱ्या पातळ कोटिंगचं, डीजीयू टाकलं, 'सिंपल ग्लेझिंग सिस्टिम' या खिडकी मोजक्या आकड्यांत देण्याच्या सोप्या पर्यायात यू व्हॅल्यू (एका अंशाच्या फरकाला चौरस मीटरमागे किती वॅट जातात) १.८ दिली, तरी वर्षाचा कूलिंगचा आकडा जेमतेम हलला.

पहिली शंका ही, की यू बदलताना एसएचजीसी (काचेवरच्या उन्हाच्या उष्णतेपैकी आत येणारा हिस्सा) जुनाच राहिला असावा. तो रकाना उघडून बघा, कारण मुंबईत खरा खेळ तिथेच आहे. पश्चिमेची १ चौरस मीटर काच घ्या. बाहेर ३४ अंश, आत २४. साध्या काचेचा यू ५.७, तिच्यातून ५.७ × १० म्हणजे ५७ वॅट येतात, डीजीयूतून १८. वाचले ३९. आता त्याच काचेवर दुपारचं ६०० वॅट ऊन धरा. साध्या काचेचा एसएचजीसी ०.८२, म्हणजे ४९२ वॅट आत. दोन्ही काचा साध्या असलेल्या डीजीयूचा साधारण ०.७०, म्हणजे ४२०. आणि ०.२७ वाल्या सोलर कंट्रोल काचेतून फक्त १६२. उष्ण-दमट हवामानासाठी ईसीबीसी २०१७ या भारतातल्या इमारतींच्या ऊर्जा-बचत कोडने उत्तर सोडून बाकी दिशांना एसएचजीसीची मर्यादा ०.२७ इतकी कडक ठेवली आणि यूला मात्र ३.० पर्यंत मोकळीक दिली, ती उगाच नाही. शिवाय जानेवारीच्या रात्री बाहेर गार असतं, तेव्हा कमी यूची काच माणसं आणि संगणकांची उष्णता आतच कोंडते. तिथे थोडी बचत परत जाते.

कॅटलॉगमध्ये कधी कधी शेडिंग कोएफिशियंट (३ मिमी साध्या काचेच्या तुलनेत किती उष्णता आत येते) दिलेला असतो. तो एसएचजीसीच्या रकान्यात जसाच्या तसा टाकू नका, ०.८७ ने गुणा.

प्राथमिक आराखड्यापुरतं सिंपल ग्लेझिंग ठीक आहे. पण आत ते सगळ्या डीजीयूची एकच काल्पनिक काच करतं, त्यामुळे आतल्या काचेचं तापमान किंवा दोन काचांमधले पडदे असलं काही हवं असेल तर थर वेगवेगळेच द्या. क्रम बाहेरून आत: काच, हवा, काच. जाडी मीटरमध्ये, म्हणजे ०.००६, ०.०१२, ०.००६. पृष्ठभाग बाहेरून १ ते ४ मोजतात. मुंबईसाठी कोटिंग २ वर हवं, म्हणून बाहेरच्या काचेची 'बॅक' एमिसिव्हिटी, म्हणजे पोकळीकडच्या बाजूची रेडिएशन सोडण्याची क्षमता, कमी (सॉफ्ट कोट या लो-ई प्रकाराला ०.०२ ते ०.१०), बाकी तिन्ही ठिकाणी ०.८४.

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, कारण काच उलटी टाकली तरी प्रोग्रॅम एरर देत नाही. ओळखायची खूण अशी: यू २.७ च्या आसपास आला तर कोटिंग १ वर, म्हणजे रस्त्याच्या बाजूला गेलंय. पोकळीतलं रेडिएशन अडवायला तिथे काही उरत नाही. यू बरोबर दिसतोय पण एसएचजीसी फुगलाय, तर ते ३ वर बसलंय. नुसता यू तपासणाऱ्याला ही दुसरी चूक कधीच सापडत नाही.

बाहेर हिरवी काच आणि त्यावर लो-ई असा प्रकार असेल तर सरासरी आकडे वापरू नका. हिरवी काच जो इन्फ्रारेड भाग शोषते तोच लो-ई परतवतं; दोन सरासरींचा गुणाकार हे पकडू शकत नाही. लॉरेन्स बर्कले लॅबच्या 'विंडो' या मोफत सॉफ्टवेअरमध्ये काच निवडून स्पेक्ट्रल डेटासकट (तरंगलांबीनुसार आकडे) एनर्जीप्लसमध्ये आणा.

आता फ्रेम. कॅटलॉगमधला १.८ हा काचेच्या मधल्या भागाचा असतो. १.२ × १.५ मीटरची खिडकी, भोवती ६० मिमी ॲल्युमिनियम, थर्मल ब्रेक (धातूच्या मधला उष्णता अडवणारा तुकडा) नाही. काच १.४९ चौ.मी., फ्रेम ०.३१. फ्रेमचा यू ७ धरला तरी पूर्ण खिडकीचा २.७ होतो, आणि ॲल्युमिनियम स्पेसरमुळे (दोन काचांमधली कडेची पट्टी) कडेला होणारी गळती यात धरलेलीच नाही. मॉडेलमध्ये फ्रेम देताना तीन गोष्टी सांभाळा. एनर्जीप्लस फ्रेम काचेच्या बाहेर जोडतं, त्यामुळे भिंतीतलं पूर्ण ओपनिंग काच म्हणून काढलं असेल तर खिडकी मोठी होते. फ्रेमचा कंडक्टन्स आतल्या-बाहेरच्या हवेच्या फिल्मशिवाय (पृष्ठभागालगतच्या हवेच्या थराचा अडथळा न धरता) लागतो, यू नव्हे. आणि सिंपल ग्लेझिंगमध्ये पूर्ण खिडकीचा यू आधीच दिला असेल तर फ्रेम पुन्हा जोडू नका.

वर्षभराचा रन लावण्याआधी एचटीएमएल रिपोर्टमधला 'एक्स्टीरियर फेनेस्ट्रेशन' तक्ता उघडून काचेचा यू आणि एसएचजीसी कॅटलॉगशी ताडून बघा. दशांशातला थोडा फरक चालेल: आपल्याकडच्या बऱ्याच कॅटलॉगमधला यू ईएन ६७३ या युरोपीय मानकानुसार असतो, रिपोर्टमधला एनएफआरसी या खिडक्यांचं रेटिंग करणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या परिस्थितीत, म्हणजे बाहेर उणे १८ आणि आत २१ अंश. प्रत्यक्ष रनमध्ये तर दर टाइमस्टेपला (गणितातल्या वेळेच्या प्रत्येक टप्प्याला) काचेचा ताळेबंद नव्याने मांडला जातो, तेव्हा तासागणिक निकालांतून १.८ काढायला जाऊ नका.

पोकळीत हवेऐवजी आर्गन वायू भरण्याबद्दलही विचारलंय. १.८ चा १.५ होईल, म्हणजे १० अंशांच्या फरकाला चौरस मीटरमागे ३ वॅट. मुंबईत ते पैसे मी बाहेरच्या छज्ज्यावर घालेन.