डोळ्यांखाली फिलर भरलं, आता सूज दिसते

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. माझं वय ४६. नाशिकला शाळेत भूगोल शिकवते. माझ्या डोळ्यांखाली पूर्वीपासून खोलगट काळेपणा आहे, आईलाही होता. वर्गात मुलं विचारायची, ‘बाई, बरं नाही का?’ फेब्रुवारीत मुलीचं लग्न आहे, म्हणून भिशीचे पैसे खर्चून एका क्लिनिकमध्ये दोन्ही डोळ्यांखाली मिळून एक मिली फिलर घेतलं. सुरुवातीला बरं वाटलं. आता दोन महिन्यांनी सकाळी डोळ्यांखाली फुगवटा असतो, उजवीकडे निळसर रेघ दिसते आणि काळेपणा होता तिथेच आहे. स्टाफरूममध्ये मैत्रीण म्हणाली, ‘रडलीस का गं?’ क्लिनिकमधले म्हणतात, आणखी एक सिरिंज घ्या, सगळं एकसारखं होईल. मुलीशिवाय घरात कुणाला हे माहीत नाही. अजून भरू, की आपोआप जाईपर्यंत वाट पाहू?

उत्तर : ताई, दुसरी सिरिंज घेऊ नका. वेळ ठरवून ठेवली असेल तर आजच फोन करून रद्द करा.

फुगवटा, निळी रेघ आणि काळेपणा या तीन गोष्टींची कारणं वेगवेगळी आहेत. ती वेगळी केली की पुढचं सोपं होईल. फिलर म्हणजे सुईने त्वचेखाली भरलेलं जेल. त्यात बहुधा हायल्युरॉनिक ॲसिड असतं आणि ते पाणी धरून ठेवतं, भिजवलेल्या सब्जासारखं. डोळ्यांखालची त्वचा फार पातळ असते. तिथलं पाणी काही जणींत मुळातच हळू वाहून जातं आणि रात्रभर आडवं झोपल्यावर ते साचतं. दुपारपर्यंत तुमची सूज थोडी उतरत असेल, तर कारण बहुधा हेच. तिथे आणखी जेल घातलं तर आणखी पाणी धरलं जाईल.

निळी रेघ म्हणजे राहिलेला मुका मार नाही; तो दोन महिने टिकत नाही. जेल त्वचेच्या फार जवळ बसलं की त्यावर पडणारा प्रकाश विखुरतो आणि वरून निळसर दिसतं. आम्ही याला टिंडल इफेक्ट म्हणतो. मालिश करून ही रेघ जात नाही. घरी दाबत बसू नका.

आता काळेपणा. तुमच्या पत्रातल्या ‘आईलाही होता’ या शब्दांवर मी थांबले. आपल्याकडे कितीतरी घरांत डोळ्यांभोवतीच्या त्वचेत रंगद्रव्य जास्त असतं आणि ते पिढ्यान्‌पिढ्या येतं. फिलर खळगी भरतं, म्हणजे खळगीची सावली कमी करतं. त्वचेचा रंग ते बदलू शकत नाही. एक साधी तपासणी करा. खिडकीसमोर आरसा धरा, उजेड समोरून येऊ द्या. सावली असेल तर काळेपणा बराच पुसट होतो. रंग असेल तर तसाच राहतो, कातडी हलकेच ताणली तरी राहतो. ही तपासणी सुई टोचण्याआधी, पैसे घेण्याआधी तुमच्यासोबत व्हायला हवी होती. मला याचा राग येतो. तुम्ही शिक्षिका आहात, समोर बसून कुणी पाच मिनिटं समजावलं असतं तर तुम्हीच म्हणाला असता, ‘मग मला हे नको.’

वाट पाहण्याबद्दल. फिलर नऊ महिन्यांत, वर्षभरात विरघळतं असं सांगितलं जातं. पण डोळ्यांखाली हालचाल कमी असते, आणि चेहऱ्यात कित्येक वर्षांनंतरही फिलर शिल्लक असल्याचं एमआरआयमध्ये दिसलेलं आहे. त्या भरवशावर फेब्रुवारीची वाट पाहू नका.

आधी क्लिनिकमधून कागद मिळवा. सिरिंजच्या खोक्यावरच्या स्टिकरवर उत्पादनाचं नाव आणि बॅच नंबर असतो. तो तुमच्या फाइलला लावलेला असायला हवा, आणि तो मागणं हा तुमचा हक्क आहे. हे महत्त्वाचं अशासाठी, की हायल्युरॉनिक ॲसिडचं फिलर हायल्युरॉनिडेज नावाच्या एन्झाइमने विरघळवता येतं. कॅल्शियमचं किंवा पॉलिलॅक्टिक ॲसिडचं असेल तर या औषधाचा त्यावर उपयोग होत नाही. स्टिकर मिळालाच नाही तर त्वचेची सोनोग्राफी करून जेल कुठे आणि किती आहे याचा अंदाज घेता येतो.

हायल्युरॉनिडेजला घाबरू नका. डोळ्यांचे सर्जन भुलीच्या इंजेक्शनसोबत ते अनेक वर्षं वापरत आले आहेत. परिणाम काही तासांत सुरू होतो आणि एक-दोन दिवसांत बराचसा दिसतो. मधमाशी किंवा गांधीलमाशी चावून तुम्हाला कधी अंगभर पित्त उठलं असेल, श्वास लागला असेल, तर ते डॉक्टरांना आधीच सांगा. अशांना या औषधाची ॲलर्जी होऊ शकते. आणि मनाची एक तयारी ठेवा. सूज गेल्यावर जुनी खळगी परत दिसेल, कदाचित आधीपेक्षा खोल वाटेल. शरीर स्वतःचं हायल्युरॉनिक ॲसिड सतत बनवत असतं, त्यामुळे चेहरा कायमचा बसत नाही, पण पहिला आठवडा आरशासमोर जड जाईल. मुलीला सोबत न्या. बाकी घरात सांगायचं की नाही, हे तुम्ही ठरवा.

हे काम एमडी त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जनकडूनच करून घ्या. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलमध्ये त्यांची नोंदणी आहे का ते पाहून घ्या.

हे वाचणाऱ्या इतर मैत्रिणींसाठी, कारण यात उशीर करून चालत नाही : फिलर घेताना किंवा नंतर त्वचा पांढरी पडली, जांभळी जाळी दिसू लागली, दुखणं वाढत गेलं किंवा नजर अंधुक झाली, तर सकाळची वाट पाहू नका. जेल रक्तवाहिनीत अडकलेलं असू शकतं. ज्यांनी टोचलं त्यांना लगेच फोन करा आणि नेत्रविभाग असलेल्या मोठ्या रुग्णालयाकडे निघा.

ताई, एन्झाइम याच महिन्यात घेतलंत तर दोन आठवड्यांनी त्याच खिडकीत फोटो काढून पाहता येईल आणि गरज लागल्यास आणखी एक छोटा डोस बसेल. लग्नाआधी नवीन फिलर मात्र नको. काळेपणासाठी रोज सनस्क्रीन लावा, आयर्न ऑक्साइड असलेलं रंगीत मिळालं तर उत्तम. लग्नाच्या दिवशी कन्सीलरखाली नारिंगी छटेचा करेक्टर लावला की आपल्या त्वचेवरचा निळा-तपकिरी रंग चांगला झाकला जातो. मेकअप करणाऱ्या मुलीला ट्रायलसाठी दिवसा बोलवा, कारण हॉलमधल्या दिव्यांखाली छटा चुकली तरी कळत नाही.