अश्वत्थामा खरोखर भेटला का? : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात जगन्नाथ कुंटे यांच्या ‘नर्मदे हर हर’ या, पायी नर्मदा परिक्रमेच्या अनुभवांवरील पुस्तकाविषयी या सदरात लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांचे सरळ दोन तट पडले आहेत. एका तटावर पुस्तक देव्हाऱ्याशेजारी ठेवणारे वाचक आहेत आणि दुसऱ्या तटावर ते अर्ध्यावर मिटून ठेवणारे. परिक्रमेत नर्मदेचे पात्र ओलांडायचे नसते, परंतु सदर चालवणाऱ्याला तो नियम पाळता येत नाही.

प्रश्न : शूलपाणीच्या जंगलात आपल्याला अश्वत्थामा भेटल्याचे लेखक सांगतात. मी निवृत्त अभियंता आहे. हा प्रसंग येईपर्यंत मी पुस्तकात रमलो होतो, तिथे मात्र ठेच लागली. हे खरे मानावे का? आणि मानू नये म्हटले, तर उरलेल्या पुस्तकावर विश्वास कसा ठेवावा? — एक वाचक, सांगली

उत्तर : कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागत फिरणारा अश्वत्थामा ही नर्मदाकाठची जुनी लोककथा आहे आणि बऱ्हाणपूरजवळच्या असीरगड किल्ल्यावरही ती सांगितली जाते. म्हणजे परिक्रमेला निघणारा माणूस ही कथा कानावर घेऊनच जंगलात शिरतो. एवढ्यावरून लेखक खोटे बोलतो असे ठरत नाही, पण जे दिसले त्याला कोणते नाव द्यायचे हे त्याच्या मनात आधीच तयार असू शकते, एवढे म्हणता येते. अशा पुस्तकात पायांनी पाहिलेले, लोकांनी सांगितलेले आणि मनाला जाणवलेले असे तीन प्रकारचे कथन एकाच सुरात येते, आणि ते वेगळे करून वाचण्याचे काम वाचकावर पडते. अमुक गावात आसन लावले, सदाव्रतात, म्हणजे परिक्रमावासींना फुकट शिधा देणाऱ्या ठिकाणी, डाळ-पीठ मिळाले, हे दुसऱ्या परिक्रमावासीला विचारून पडताळता येते. अश्वत्थाम्याच्या भेटीला सांगणाऱ्याखेरीज साक्षीदार नाही. माझे स्वतःचे मत विचाराल, तर तो प्रसंग मी घडलेली घटना म्हणून स्वीकारत नाही, परंतु त्यामुळे डाळ-पिठाचा मजकूर खोटा ठरवण्याचेही मला कारण दिसत नाही.

जाता जाता एक आठवण देते. गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’ या १८५७ च्या बंडाच्या काळातील प्रवासवर्णनात चमत्कारांवर भर नाही, तरी तो मजकूर प्रवासानंतर वीस-पंचवीस वर्षांनी लिहिला गेला, १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी त्यात फेरफार करून तो छापला आणि मूळ बखर वाचकांच्या हाती यायला १९६६ साल उजाडावे लागले. तेव्हा ‘हे कोणी, केव्हा आणि कोणासाठी लिहिले’ हा प्रश्न अश्वत्थामा नसलेल्या पुस्तकालाही विचारावा लागतो.

प्रश्न : मी धडगाव तालुक्यात शिक्षिका आहे. अलीकडे शहरांतून येणारे बरेच परिक्रमावासी आमच्या गावांतून जातात. ते चहा घेतात, पाणी पितात आणि मग हळूच विचारतात, “इथे लुटतात ना?” एकाने तर माझ्या सहावीतल्या मुलाला हा प्रश्न विचारला. आमच्याविषयी एवढेच लिहिले गेले आहे का? — एक वाचक, जिल्हा नंदुरबार

उत्तर : बाई, एवढेच लिहिले गेलेले नाही, पण लक्षात राहिले ते एवढेच, हे खरे आहे. शूलपाणीच्या झाडीत भिल्लांनी परिक्रमावासींचे कांबळे, भांडी, अंगावरचे कपडेसुद्धा काढून घेतल्याचे प्रसंग परिक्रमेच्या अनेक वर्णनांत येतात. श्रद्धाळू मंडळी त्याचा अर्थ असा लावतात की नर्मदा मैयाच आपल्या भावांकरवी चालणाऱ्याची आसक्ती उतरवून घेते, आणि म्हणून लुटणाऱ्याला ‘मामा’ म्हणायचे. नाते गोड आहे, परंतु या मामाला पुस्तकात बोलायला एकही पान मिळत नाही. त्याच्या घरात त्या दिवशी काय शिजले होते, जंगलावरचा त्याचा हक्क कोणी आणि कधी काढून घेतला, हे लुटल्या गेलेल्या माणसाने विचारले नाही. त्या क्षणी त्याने ते विचारावे अशी अपेक्षाही करता येत नाही. लेखकाने अंगावर आलेला प्रसंग लिहिला, त्याबद्दल मी त्याला दोष देणार नाही. त्या प्रसंगावरून एका समाजाचा स्वभाव ठरवणे हा वाचकाचा आळस आहे.

शिवाय ज्या झाडीची ही वर्णने आहेत, तिचा मोठा भाग आज पाण्याखाली आहे. नर्मदेवरील सरदार सरोवर धरणात महाराष्ट्रातील ३३ गावे बाधित झाली आणि अक्कलकुवा तालुक्यातील मणिबेलीत १९९३ सालीच पाणी शिरले. धरण १३८.६८ मीटर या पूर्ण उंचीनिशी २०१७ साली लोकार्पित झाले आणि २०१९ च्या पावसाळ्यात ते पहिल्यांदा काठोकाठ भरले. शूलपाणेश्वराचे जुने देऊळ बुडाले आणि नवे गोरा येथे उभे राहिले. चालणाऱ्यांची वाट आता नदीपासून वर सरकून सातपुड्याच्या डोंगरांतून धडगाव, मोलगीकडून जाते, आणि त्या वाटेवर परिक्रमावासीला रात्री ओसरी देणारी, हंडाभर पाणी पुढे ठेवणारी माणसे त्याच मामांच्या घरातली आहेत. पुढच्या वेळी कोणी विचारले, तर तुमच्या सहावीतल्या मुलाला उलट विचारू द्या : “तुमच्या पुस्तकातले जंगल कुठे गेले, ठाऊक आहे का?”

प्रश्न : माझे यजमान ५८ वर्षांचे आहेत आणि त्यांना मधुमेह आहे. हे पुस्तक तीनदा वाचून त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली असून आता पैसे न बाळगता पायी परिक्रमेला निघण्याचे ठरवले आहे. मी नाही म्हटले की “मैया बघून घेईल” एवढेच उत्तर मिळते. मी पुस्तक लपवून ठेवले आहे. — एक वाचक, ठाणे

उत्तर : पुस्तक परत जागेवर ठेवा, कारण लपवलेल्या पुस्तकाचे तेज वाढते. त्याऐवजी दोघांनी नकाशा घेऊन बसावे. नर्मदा अमरकंटकपासून खंबातच्या आखातापर्यंत १,३१२ किलोमीटर वाहते. नदी उजव्या हाताला ठेवून दोन्ही काठ चालायचे, म्हणजे वळसे न धरताही २,६०० किलोमीटरांहून अधिक चाल झाली. परंपरेने यासाठी तीन वर्षे, तीन महिने, तेरा दिवसांचा काळ सांगितला आहे आणि चातुर्मासात एका जागी थांबण्याचा नियम आहे. हल्ली बहुतेक जण दिवाळीनंतर निघून पावसाळ्याआधी, काही महिन्यांतच, परिक्रमा पुरी करतात. ती घाई अठ्ठावन्नाव्या वर्षी मधुमेहासह करणे हा श्रद्धेचा नव्हे, तर वैद्यकाचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर तुमच्या डॉक्टरांकडून घ्यावे.

पैसे न बाळगण्याविषयी मला जरा स्पष्ट लिहावेसे वाटते. मागून खाण्याने अभिमान झिजतो, हे मान्य आहे. पण आपण रिकाम्या खिशाने निघतो तेव्हा आपला भार कोणाच्या तरी पिठाच्या डब्यावर पडतो, आणि निमाडातल्या, म्हणजे मध्य प्रदेशातील नर्मदाकाठच्या, अनेक घरांत तो डबा आपल्या डब्याहून लहान असतो. पैसे जवळ ठेवून, मिळेल ते खाऊन, निघताना आश्रमाच्या पेटीत मुकाट्याने काही टाकण्याने परिक्रमा बाटत नाही.

आणखी एक गोष्ट त्यांच्या कानावर घाला. जबलपूरच्या अमृतलाल वेगडांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर, १९७७ साली चालायला सुरुवात केली आणि वर्षानुवर्षे तुकड्यातुकड्यांनी नर्मदा पायाखाली घातली. पुढे त्यांच्या पत्नीही बरोबर चालल्या. भारती ठाकूर दोन मैत्रिणींसह परिक्रमेला गेल्या आणि नंतर निमाडातच राहून त्यांनी तिथल्या मुलांसाठी शाळा उभ्या केल्या. तेव्हा आधी दक्षिण तटाने ओंकारेश्वर ते बडवानीचा राजघाट एवढाच टप्पा औषधे बरोबर घेऊन चालून पाहावा, आणि तुम्हीही त्यांच्याबरोबर जावे.

प्रश्न : पुस्तकातील मुक्कामांवरून मार्ग आखता येईल का? — एक वाचक, बेळगाव

उत्तर : नाही. धरणांमुळे वाटा बदलल्या, काही आश्रम बुडाले, काही नवे झाले. अलीकडेच चालून आलेल्या माणसाला विचारा. नदीच्या मुखाशी परिक्रमावासींना कठपोरहून पलीकडच्या मिठी तलाईला नेणाऱ्या नावेची वेळही भरतीवर ठरते, पुस्तकावर नाही.

प्रश्न : आध्यात्मिक पुस्तकात अहंकार गळालेला दिसावा अशी माझी समजूत आहे. इथे मात्र पानोपानी ‘मी’ आहे आणि इतरांवर फटकळ शेरे आहेत. लोकांना यात काय आवडते? — एक वाचक, पुणे

उत्तर : लोकांना तो फटकळपणाच आवडतो. सोवळ्यातली भाषा ऐकली की मराठी वाचक सावध होतो, आणि पारावर बसून बोलावे तसा कोणी बोलू लागला की तो सरकून जवळ बसतो. याउलट गो. नी. दांडेकरांनी नर्मदेची भ्रमंती कादंबरीच्या रूपात लिहिली आणि तिला ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ असे नाव दिले. तिथे ‘मी’ शीर्षकातच लपला आहे. मला दोन्ही रीती चालतात.

माझी तक्रार निराळी आहे. परिक्रमेवरच्या बऱ्याच पुस्तकांत साधूंची, महंतांची, आश्रमांची नावे येतात, आणि ज्यांच्या हातचे खाऊन लेखक पुढे चालतो ती माणसे ‘एक म्हातारी’, ‘एक गरीब कुटुंब’ होऊन राहतात. मात्र तुमचे पत्र आल्यावर मी माझीच जुनी वही काढली. काही वर्षांपूर्वी चार दिवस मी दक्षिण तटाने चालले होते. एका संध्याकाळी ज्या घरी थांबले, तिथल्या आजींनी परातीत पीठ घेतले, माझ्याकडे एकदा पाहिले आणि आणखी एक मूठ वाढवली. वहीत त्या मुक्कामाचे पान भरलेले आहे : गोवऱ्यांवर भाजलेले जाड टिक्कड, पाट्यावरची लाल मिरचीची चटणी, चुलीजवळ बांधलेले करडू. आजींचे नाव मी विचारलेले नाही.