कलमांचे आकडे की फाइलीची वाट?

प्रश्न : माझी मुलगी एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला फौजदारी वकिलीच करायची आहे. पण कायदे बदलल्यापासून खुनाला ३०२ की १०३, फसवणुकीला ४२० की ३१८ या घोळात ती रडकुंडीला आली आहे. तिने हा नाद सोडावा का?
– एक आई, लातूर

उत्तर : ताई, नाद सोडायला मुळीच सांगू नका. ती आकडे घोकतेय, म्हणून गोंधळतेय. भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, पण त्याआधी घडलेल्या गुन्ह्यांना जुनी दंड संहिताच लागते. कोर्टात अजून कित्येक वर्षं दोन्ही आकडे कानावर पडणार. जुन्या-नव्या कलमांचा तक्ता तिने खुशाल जवळ ठेवावा.

अभ्यास करायचा तो फाइलीच्या वाटेचा. फिर्याद, पंचनामा, अटक, रिमांड (म्हणजे आरोपीला कोठडीत ठेवण्याचा कोर्टाचा आदेश), दोषारोपपत्र, मग साक्षीपुरावा. ही वाट नव्या कायद्यातही तीच आहे. सुट्टीत तिला न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात रिमांडच्या वेळी मागच्या बाकावर जाऊन बसू द्या. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत आरोपीला हजर करावंच लागतं. हा नियम थेट राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ मधला. न्यायाधीश विचारतात, ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?’ तेव्हा आरोपी आधी कुणाकडे बघतो, ते तिने पाहावं. पुस्तकात हे सापडत नाही.

मग तिने वहीत दिवस मोजावेत. आरोपी कोठडीत असताना ६० दिवसांत, आणि फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं वा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत ९० दिवसांत, दोषारोपपत्र आलं नाही तर जामीन मागणं हा त्याचा हक्क होतो. गुन्हा कितीही गंभीर असो. रिमांडचा पहिला दिवस धरायचा की सोडायचा, एवढ्या एका प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाला २०२३ मध्ये निकाल द्यावा लागला. धरायचा, असं ठरलं. एका दिवसाच्या फरकाने माणूस घरी जातो किंवा आत राहतो. हे ज्याला भिडलं, त्याला कलम आपोआप लक्षात राहतं.

वकिलीची सनद मिळाल्यावर तिने फौजदारी कामं चालवणाऱ्या वकिलांकडे ज्युनिअर म्हणून राहावं. सुरुवातीला पैसे बेताचेच मिळतील, घराने तेवढा धीर धरावा. न्यायाधीश व्हायचं मनात असेल तरी हा अनुभव कामी येतो; मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी तीन वर्षांची वकिली सक्तीची केली.

पुढचं पत्र तिलाच लिहू द्या. कोणत्या गुन्ह्याचा रिमांड पाहिला आणि साठावा दिवस कोणता निघाला, ते कळवायला सांगा.